इंदूकाकूंचा जिल्हा

इंदूकाकूंच्या प्रकाशचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून कोचईची, म्हणजे अळूची, पानं पुसत होते. "मॅडम, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि थांबला. मग पलीकडून नागपूरच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले. सकाळचा चहा घेऊन त्या गॅलरीतल्या खुर्चीवर बसल्या होत्या, सूनबाई कप उचलायला गेली तर मान एका बाजूला कललेली... त्रास काही झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. फोन ठेवल्यावर मी पुन्हा पानं पुसायला लागले. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी त्याचा चेहरा आठवतो म्हणतात, मला इंदूकाकूंचा आवाज आठवला. "बस. पाणी पी. अन् आता सांग." इतकी वर्षं या भंडारा जिल्ह्यात मी जिथं जिथं गेले, त्या प्रत्येक ठिकाणाहून परतल्यावर हे तीन हुकूम मी ऐकले होते.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी वर्ध्याहून बदलून मोहाडीच्या शाळेत शिकवायला आले. शाळेतल्या शिपायानं एका विणकराच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या दाखवल्या. घरमालकीण बाहेर आल्या, लहानखुऱ्या, डोक्यावरून पदर, हाताला कणीक लागलेली. भाड्याचं बोलणं अर्धं झालं असेल तोच आतून एक जड, अडखळता आवाज आला, "इंदू... हायेस का?" त्यांनी मागं न वळताच उत्तर दिलं, "हाव, इथंच हाये," आणि बोलणं पुढं सुरू ठेवलं. बोलणं संपेपर्यंत तो आवाज परत आला, पुन्हा आला. मला वाटलं, आज यांच्याकडे काहीतरी बिनसलंय. राहायला गेल्यावर समजलं की हे रोजचं आहे.

काकांना अर्धांगवायू झाला होता. मागावर बसलेले असतानाच उजवं अंग गेलं. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणणारा आणि त्यांचा व्यापार करणारा माणूस, तालुक्यात ज्याच्या हातची किनार ओळखली जायची, तो आता त्याच मागाच्या खोलीत खाटेवर होता. माग काढून टाकला होता, त्याखालचा पाय सोडून बसायचा खड्डा मुरूम घालून बुजवला होता आणि नेमकी त्या जागेवर खाट ठेवली होती. खोलीला एकच दार, ते स्वयंपाकघरात उघडणारं. खाटेवरून चूल दिसावी आणि चुलीपासून खाट, अशी ती मांडणी काकूंनीच केली होती. त्या नजरेआड झाल्या की काकांचा श्वास वर चढायचा, डोळे मोठे व्हायचे, आणि हाक सुरू व्हायची. विहिरीवर, अंगणात, माझ्या दाराशी, कुठंही असल्या तरी काकूंचं अर्धं लक्ष त्या हाकेकडे असायचं. मोहाडीची चौंडेश्वरी काय दूर आहे? पण नवरात्रात सगळं गाव दर्शनाला लोटायचं तेव्हा काकू अंगणात उभ्या राहून देवळाच्या दिशेनं हात जोडायच्या आणि परत आत जायच्या.

आणि ही बाई जन्मली होती जत्रांमध्ये! त्यांचं माहेर अर्जुनीकडचं. वडील जत्रेतले दुकानदार, फुटाणे, लाह्या, गुळाची शेव विकायचे. काकू लहान असताना वर्षातले कित्येक महिने बैलगाडीत घर मांडून जुन्या अख्ख्या जिल्ह्यात फिरायच्या. महाशिवरात्रीला कधी प्रतापगड, कधी गायमुख, चैत्रात कुठं, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया, नाच-खेळांच्या जत्राच त्या. देव त्यांना जत्रेमुळे माहीत होते आणि जत्रा चुलींमुळे. एकदा त्या तांदळाच्या पिठाचे आयते घालत होत्या आणि मी सहज विचारलं, तुमचं माहेर कुठलं? तव्यावर पीठ फिरवता फिरवता म्हणाल्या, "माहेर होतं याच जिल्ह्यात. आता थे दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. सारे जाऊन राहिले कुठं ना कुठं. म्या मातर इथंच हाये." आणि हसल्या. त्या हसण्यात तक्रार नव्हती म्हणूनच ते मला टोचलं असावं.

मी एकटी, रविवार मोकळा, नवा मुलूख. पहिल्याच महिन्यात म्हटलं, जरा आसपास पाहून येते. काकूंनी माझ्या हातातली पिशवी तपासली, पाण्याची बाटली काढून मोठी दिली, आणि म्हणाल्या, "आंबागडले जा. किल्ल्यावर चढजो, पण आधी खाली गावात कोनाच्या घरी ताक माग. थ्या गावचं ताक लय गोड." मी गेले. किल्ला पाहिला, बुरुज पाहिले, जंगलानं चहूकडून वेढलेली ती टेकडी पाहिली, संध्याकाळी परतले आणि उत्साहानं सांगायला बसले. तर काकूंना बुरुजांशी काही देणंघेणं नव्हतं. ताक कोणाकडे प्यालीस? घर कुठल्या बाजूला? त्या बाईनं ताकात काय घातलं होतं? चढताना वास कसला येत होता, मोहाचा का तेंदूचा? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. "मंग तू पायलं काय?" असं त्यांनी इतक्या साध्या सुरात विचारलं की पुढच्या रविवारी मी शुद्धीवर राहून गेले.

तेव्हापासून तो नेमच झाला. पवनीला गेले, तिथला तट आणि खंदक, वैनगंगेचे घाट, आणि पावला-पावलावर लागणारी देवळं. कोरंभीच्या देवीला गेले. चांदपूरच्या टेकडीवरच्या मारुतीला गेले, खाली पसरलेला तलाव पाहिला. दिवाळीनंतर करडीच्या मंडईत गेले, तिथं भर दुपारी दंडारीचा नाच-खेळ चालला होता, गडी बायकांच्या लुगड्यात नाचत होते आणि म्हाताऱ्या बायका त्यांना नावं ठेवत हसत होत्या. प्रत्येक वेळी परत येताना काकूंसाठी काहीतरी आणायची. तलावातले शिंगाडे, पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्या नावाच्या अळंब्या, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मंडईतली गुळाची शेव. काकू ती शेव तोंडात ठेवून डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या, "पाक कच्चा राहिला. माया बापाची अशी नव्हती." मग आणलेलं शिजवायच्या. सात्यांचं कालवण चिन्नोरच्या भातावर वाढायच्या, आणि तेलाच्या त्या वासात सगळं घर वेगळं होऊन जायचं. काकांना मऊ करून एकेक घास भरवायच्या आणि भरवता भरवता मी सांगितलेलं त्यांना सांगायच्या, जणू आत्ताच स्वतः जाऊन आल्यात. "पवनीले पाणी लय चढलं म्हन्ते. घाटाच्या पायऱ्या दिसूनच नाही राहिल्या." काका घास चघळत ऐकायचे. ऐकताना हाक मारायचे नाहीत.

मला हे आवडत होतं, आणि हळूहळू त्याचं ओझंही व्हायला लागलं होतं. देवळात गेले की मी हात जोडायच्या आधी भोवती पाहायची. कोण काय शिजवतंय, पत्रावळ कुठल्या पानाची आहे, पुजाऱ्याची बायको कुठून पाणी आणते... माझे डोळे माझे राहिले नव्हते. एखाद्या रविवारी अंग दुखलं, कुठं गेले नाही, की काकू दुपारभर उगाच भांडी आवरत राहायच्या. त्या खोलीत काका अडकले होते, काकांमध्ये काकू, आणि काकूंच्या त्या 'सांग'मध्ये मी. तिघांपैकी कोणाचाच त्यात दोष नव्हता, म्हणून बाहेर पडायची वाटही दिसत नव्हती.

शेवटी मीच ठरवलं की काकूंना एकदा गायमुखला न्यायचं. महाशिवरात्र होती. काकांचे मागावरचे जुने जोडीदार भिवाजी दिवसभर खाटेशी बसायला आनंदानं तयार झाले. काकांना विचारलं तर त्यांनी डावा हात हलवून, जीभ ओढत, पण स्पष्ट सांगितलं, "जा... जा तू." काकूंनी पेटीतली कोशाची साडी काढली. स्वतःच्या नवऱ्यानं विणलेली, लग्नानंतरची पहिली. काळीपिवळी जीपमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. गाव मागं पडलं, धानाची कापलेली शेतं दोन्ही बाजूंना पसरली, आणि काकू बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, पाहताहेत. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "हाक येऊन राहिली," म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, जीपच्या इंजिनचा आवाज आहे तो. "नाही पोरी. येऊन राहिली." तुमसरला गाडी बदलायला उतरलो. गायमुखला जाणाऱ्या गाड्या भरत होत्या, 'हर हर महादेव'चा गजर चालला होता, बायका डोक्यावर गाठोडी घेऊन टपावर चढणाऱ्या पोरांना ओरडत होत्या. काकूंचे पाय तिथंच रुतले. घामानं चेहरा भिजला होता. "मले घरी ने," त्या म्हणाल्या. "आत्ताच ने." समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही उलट दिशेच्या जीपमध्ये बसलो.

घरी पोचलो तेव्हा अंगणातूनच हसण्याचा आवाज आला. काका हसत होते. मी त्या घरात राहायला आल्यापासून त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. भिवाजी कुठल्याशा व्यापाऱ्याची नक्कल करून दाखवत होते, साबुदाण्याच्या उसळीची रिकामी ताटली बाजूला होती, आणि काकांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी वाहत होतं. आम्हाला दारात पाहून ते दोघं एकदम गप्प झाले. "इतक्यात? यानं त एकबी हाक नाही मारली," भिवाजी म्हणाले. काकू आत गेल्या, कोशाची साडी सोडून रोजची नेसल्या आणि चुलीपुढे बसल्या. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा अगदी हळू, मला ऐकू यावं की न यावं अशा आवाजात म्हणाल्या, "एकबी हाक मारली नाही म्हन्ते भिवाजी. माया बिगर चालते ना वो त्याचं... मंग म्या काहून बसली इतके दिवस?"

त्यानंतर बरेच रविवार त्यांनी मला कुठं जा म्हटलं नाही. मी जाऊन आले तर पाणी द्यायच्या, पण 'सांग' म्हणायच्या नाहीत. हाक मात्र पूर्ववत सुरू झाली होती, आणि उत्तरही. "हाव, इथंच हाये."

पुढं माझी बदली भंडाऱ्याला झाली. अधूनमधून मोहाडीला चक्कर व्हायची. अशाच एका पावसाळ्यात काका गेले. दिवस झाल्यावर सगळ्या नातेवाइकांनी एकच धोशा लावला, इंदू, लय केलंस, आता मोकळी झालीस, देवदर्शन कर, फिर. मलाही वाटलं, आता त्या निघतील. काही आठवड्यांनी गेले तर काकू त्याच खोलीत होत्या. खाट तिथंच, गादी गुंडाळून ठेवलेली, आणि त्या जमिनीवर भिंतीला टेकून, अशा कोनात की तिथून चूल दिसावी. मी बोलत असताना मध्येच त्या "हाव" म्हणाल्या आणि मग स्वतःच दचकल्या. बाहेर चला, चौंडेश्वरीपर्यंत तरी, असं मी म्हटलं. "येते ना," म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. घराला कुलूप नव्हतं, पायात बेडी नव्हती, बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. तरी त्या उंबऱ्यापर्यंत यायच्या आणि परत फिरायच्या. शेजारणींनी प्रकाशला कळवलं, की आई जेवत नाही, आणि तो येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला.

प्रकाश चांगला मुलगा. सूनबाई स्वाती अकोल्याची, मनानं मऊ. पण घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टला काकू घाबरायच्या आणि गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. एका खोलीतून निघाल्या आणि दुसऱ्या खोलीत येऊन बसल्या, एवढाच काय तो फरक. मी भेटायला जायची तेव्हा त्या गॅलरीच्या जाळीला नाक लावून खालचा रस्ता पाहत असायच्या. "इथं कोनी कोनाले काही सांगत नाही," एकदा म्हणाल्या. स्वाती ऑफिसात, प्रकाश ऑफिसात.

मागच्या हिवाळ्यात मी गेले आणि त्यांनी मला बसूसुद्धा दिलं नाही. "मले गायमुखले ने," म्हणाल्या. जत्रा नव्हती, सण नव्हता, पौषातला एक साधा रविवार जवळ आला होता. मी विचारलं, मध्येच परत फिरायचं म्हणाल तर? "म्हनलं त म्हनलं. आधी ने त खरी." प्रकाशनं गाडी ठरवून दिली आणि त्यानं व ड्रायव्हरनं मिळून त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. भंडारा गेलं, वरठी गेलं, मोहाडी आली तशी मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. तुमसरच्या चौकात गाडी थांबली तेव्हा मात्र मी वळून पाहिलं. काकूंनी डोळे मिटून घेतले होते, ओठ हलत होते. जप करताहेत असं मला वाटलं. कान दिला तर त्या म्हणत होत्या, "हाव, येते. संध्याकाळी येते. हाव, येते..." गाडी पुढं निघाली.

गायमुखला झाडाखाली एक कुटुंब नवसाचे रोडगे, कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांत भाजत होतं. करडीची माणसं, आई-बाप, दोन सुना, ओळखपाळख काही नाही. काकू काठी टेकत थेट त्यांच्या जाळापाशी गेल्या आणि धाकट्या सुनेला म्हणाल्या, "अवो, गोवऱ्या अशा दाबून नोको लावू. आत हवा खेलू दे, नाही त वरून करपते अन् मंधात कच्चं राह्यते." ती पोर बावरली, सासू हसली, आणि तिनं काकूंसाठी पोतं अंथरलं. मग दुपार कशी गेली ते मला सांगता येणार नाही. काकूंनी वांगी भाजली, राखेतून रोडगे काढून कापडात घोळले, तूप-गूळ घालून चुरले, करडीच्या म्हाताऱ्याशी तिथल्या तलावातल्या गाळावरून वाद घातला. आणि जेवल्या! त्यांना इतकं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. उन्हं उतरायला लागली तेव्हा मी आठवण केली, काकू, दर्शन राहिलं. त्यांनी तुपाचे हात कपाळाला पुसल्यासारखे जोडले. "थो कुठं पळून जाऊन राहिला? बसला हाये एका जागी. मले ठाव हाये कसं वाटते थे... पन मले जरा चुलीजवळ राहू दे." दर्शन न घेताच आम्ही निघालो.

परतताना मोहाडीत ड्रायव्हरनं गाडी हळू केली. प्रकाशनं त्याला सांगून ठेवलं होतं की आईला घर पाहायचं असेल. किल्ली काकूंच्या कमरेला होती. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, तिथून दार दिसत होतं. मी विचारलं, उतरायचं? त्यांनी कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. बाहेरून कोणी सायकलवाला ओळखून थांबला, "काकू, कवा आल्या?" म्हणाला. "आली नाही बाबा, जाऊन राहिली," त्यांनी सांगितलं, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "घे पुढं. एकदा आत गेली त मले निघता येत नाही." ती आमची शेवटची भेट.

तेरवीला नागपूरला गेले. पंगती उठल्यावर स्वाती माझ्याजवळ येऊन बसली. रडून डोळे सुजले होते. "मॅडम, आई शेवटचे काही आठवडे किती बोलायच्या हो," ती म्हणाली. "मी ऑफिसमधून आले की मला पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, बस, सांगते. कुठं कुठं फिरल्या होत्या! चांदपूरला शिंगाडे सोलताना बोट कापलं होतं म्हणे. आंबागडला मधमाश्या मागं लागल्या. करडीच्या मंडईत ऊन लागलं म्हणून कुठल्याशा बाईच्या छत्रीत दुपारभर बसल्या. मला तर वाटायचं, त्या कधी घराबाहेर पडल्याच नसतील. बाबा इतके आजारी असताना कधी गेल्या? तुम्ही होतात ना सोबत?"

बोट माझं कापलं होतं. मधमाश्या माझ्या मागं लागल्या होत्या. ती छत्रीवाली बाई मला अजून आठवते, तिचे दात मिस्सीनं काळे झाले होते. त्या खोलीत बसून मी सांगितलेलं एकही वाक्य वाया गेलं नव्हतं.

"होते ना," मी म्हणाले. "दोघी मिळून जायचो."

"आणि पवनीच्या घाटावर त्या ओल्या पायरीवरून घसरल्या होत्या ना?" स्वातीनं विचारलं. "फार लागलं होतं का हो त्यांना?"

माझ्या डाव्या गुडघ्यावर त्याचा वण आहे. मी त्यावर साडी नीट ओढून घेतली.

"लागलं होतं," मी म्हणाले. "गुडघा चांगलाच फुटला होता. पण मागं फिरल्या नाहीत. तशाच लंगडत वर देवळापर्यंत गेल्या."